हाताचं वजन

पक्षाघात होऊन गेलेल्या माणसाला भेटायला येणारी मंडळी चपला काढता काढताच विचारतात, "चालायला लागल्या का?" चहा होईपर्यंत दुसरा प्रश्न येतो, "बोलणं स्पष्ट आहे ना?" फार जवळचं कोणी असेल तर मूठ वळते का, हेही विचारून घेतं. खांद्याचं नाव कोणी काढत नाही. नव्या पेठेतल्या आमच्या आत्याकडे बसून ही चौकशी मी पुष्कळ ऐकली. काल खोलीच्या दारापर्यंत आल्या, आज गॅलरीपर्यंत गेल्या, हे सांगताना वहिनीचा आवाज खुलायचा. पाहुणे समाधानाने मान डोलवायचे. ज्या दुखण्यापायी त्या घरातली झोप उडाली होती, ते मात्र कोणाच्या प्रश्नात बसत नव्हतं.

आत्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं शाबूत राहिलं, आणि आत्याचं बोलणं शाबूत राहणं म्हणजे काय, ते तिच्या हाताखाली भूगोल शिकलेल्या मुलींना विचारावं. शाळा सुटल्यावर तिची दुसरी हजेरी भजनी मंडळात असायची, पेटीवर. पेटीत सगळं कौतुक उजव्या हाताचं. डाव्याने नुसता भाता मारायचा. रुग्णालयात जरा सावरल्यावर ती म्हणाली, "गेला तो भात्याचाच ना? मग जाऊ दे." आम्ही हसलो, कारण ती अशी बोलते आहे याचाच मोठा दिलासा होता. घरी आल्यानंतर काही दिवसांनी तो भात्याचा हात तिला रात्री दोन वाजता उठवायला लागला. आधी नुसतं अवघडल्यासारखं, मग ठणका, मग कुशीवर वळताना अशी कळ की शेजारच्या खोलीत दादा दचकून उठायचा. गंमत अशी की त्याच हाताला चिमटा काढला तर तिला धड कळत नव्हतं. हलत नाही, समजत नाही, तो दुखतो कसा, हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने विचारला आणि आपापल्या परीने सोडवला.

उत्तर खांद्याच्या घडणीत आहे. दंडाच्या हाडाचं वरचं डोकं गोल आणि मोठं, पण त्याला टेकायला मिळालेली खोबण लहान आणि उथळ. बशीच्या कडेवर लाडू तोलून धरावा, तसा हा प्रकार. मांडीच्या हाडाला कमरेत खोल खोबण मिळाली आहे. ते सहसा निसटत नाही, पण त्याच्या हालचालीला मर्यादाही आहेत. हाताला वेणी घालायची होती, माळ्यावरचा डबा काढायचा होता, पाठ खाजवायची होती. एवढं सगळं हवं म्हटल्यावर पक्केपणा सोडावा लागला. तरीही सांधा जागेवर राहतो, कारण भोवतीचे स्नायू जागेपणी सतत त्याला आवरून धरतात. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. पक्षाघातात खांद्याला काही झालेलं नसतं. बिघाड मेंदूत असतो. फक्त 'धरून ठेव' हा निरोप यायचा थांबतो. आणि माणसाच्या एका हाताचं वजन शरीराच्या साधारण ५ टक्के असतं. ६० किलोच्या बाईचा हात ३ किलोचा. बसल्या बसल्या, उभ्या उभ्या तेवढं ओझं सांध्याला खाली ओढत राहतं. दंडाचं डोकं हळूहळू खाली उतरतं आणि खांद्याच्या टोकाखाली बोट बसेल एवढा खळगा पडतो.

एवढ्यावर थांबत नाही. काही आठवड्यांनी बऱ्याच जणांच्या ढिल्या स्नायूंना उलटी लहर येते. ते कडक होतात, हात छातीशी ओढला जातो, कोपर दुमडतं, दंड आतल्या अंगाला वळतो. एरवी हात वर नेताना दंड एकटा वर जात नाही. पाठीवरचं चपटं फऱ्याचं हाडही त्याच्याबरोबर फिरतं. १८० अंशांपैकी ढोबळमानाने १२० दंडाचे आणि ६० फऱ्याचे, हा हिशेब १९४४ साली इन्मन, साँडर्स आणि ॲबट यांनी मांडला आणि आजही तो शिकवतात. शिवाय वर जाताना दंडाला बाहेरच्या बाजूला थोडं वळावं लागतं, नाहीतर त्याच्या डोक्यावरचा उंचवटा वरच्या हाडाच्या कमानीवर आपटतो आणि मधल्या शिरा चिमटतात. आता विचार करा. फऱ्याचं हाड आखडून बसलंय, दंड आत वळलाय, आणि कोणीतरी मनगट धरून हात सरळ वर केला. आत काय होत असेल?

आणि वर कोण करत नाही? कॉटवरून उठवताना वॉर्डबॉय काखेत हात घालून 'एक, दोन, तीन' म्हणतो. सून ब्लाउजची बाही चढवताना हात मागे नेते. भेटायला आलेली मैत्रीण मायेने पंजा हातात घेते आणि "बघू, होतो का वर?" म्हणत स्वतःच तो वर करून बघते. यातला एकही माणूस वाईट नाही. सगळे मदत करताहेत. पक्षाघातानंतरचा खांदा पुष्कळदा या मदतीनेच दुखावतो. आणि खांदा दुखावतोय हे रुग्णाला पुष्कळदा कळतही नाही. काहींचं तर त्या बाजूकडे लक्षच नसतं. आत्या कितीदा आपल्याच हातावर झोपलेली सापडायची.

पुण्यात कुठल्याही दुखण्याला सल्ला फुकट आणि भरपूर मिळतो. सोसायटीतल्या एका काकांनी कबुतराचं रक्त चोळायचा उपाय सुचवला. आपल्याकडे पक्षाघाताला हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो आणि त्याने कोणाचा हात हलल्याचं मी पाहिलेलं नाही. आत्या ठार शाकाहारी, ती म्हणाली, "त्या कबुतराने माझं काय घोडं मारलंय?" दुसऱ्या कोणी मालिशवाल्याचा नंबर दिला, जो 'एकदाच कट्‌कन आवाज काढतो आणि मोकळं करतो' अशी त्याची ख्याती. तिसऱ्याने गरम पाण्याची पिशवी. ही सगळ्यांत निरुपद्रवी वाटते, पण ज्या कातडीला ऊन-गार समजत नाही तिच्यावर पिशवी ठेवून विसरलं की फोड येतात, आणि फोड आलेलेही रुग्णाला कळत नाहीत.

तेलाशी माझं भांडण नाही. रास्ता पेठेतल्या ताराचंद रामनाथ रुग्णालयाच्या गावात राहून अभ्यंगाला नावं ठेवण्याइतकी मी अडाणी नाही. खांदा सुकणं, हात आखडणं यांचा विचार सुश्रुतसंहितेत अवबाहुक या नावाने आलेला आहे. म्हणजे ही तक्रार आपल्याला काही आजची नाही. कोमट तेलाचा हळुवार हात कोणाला नको असतो? प्रश्न तेलाचा नसून त्यामागच्या जोराचा आहे.

आणि मग कप्पी. दाराच्या चौकटीला अडकवायची, दोरीच्या दोन टोकांना दोन मुठी, चांगल्या हाताने ओढलं की लुळा हात वर जातो. सर्जिकलच्या दुकानात सहज मिळते. दादाने ती आणलीच होती. भिंतीच्या दोरांवर आसनं शिकवणाऱ्या अय्यंगारांच्या गावात दोरी बघून कोणाला संशय येणार? पण दोरीला फऱ्याचं हाड दिसत नाही. १९९० साली अमेरिकेतल्या एका पाहणीत पक्षाघाताच्या २८ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला थेरपिस्ट हाताने व्यायाम देत, दुसरा गट चाकं लावलेल्या पाटीवर हात ठेवून तो फिरवी, तिसरा डोक्यावरची कप्पी ओढी. खांदेदुखी उद्भवली ती पहिल्या गटात ८ टक्के, दुसऱ्यात १२ आणि कप्पीच्या गटात ६२ टक्के लोकांना. २८ म्हणजे काही फार माणसं नव्हेत, हे कबूल. पण फरक एवढा आहे की पुढे पक्षाघाताच्या रुग्णांना डोक्यावरची कप्पी देऊ नये, असा सल्ला सर्रास दिला जाऊ लागला. आमच्या दारावरची कप्पी आमच्या फिजिओ मॅडमनी पहिल्याच दिवशी उतरवून ठेवली. काही बोलल्या नाहीत. पुढे ती कपडे वाळत घालायला कामी आली.

या मॅडम म्हणजे तिशीच्या आतली मुलगी. ॲक्टिव्हावरून यायची, हेल्मेट काढून आधी हात धुवायची आणि मग ते तळवे एकमेकांवर घासून ऊन करायची. मला वाटलं होतं की आल्या आल्या ती हात उचलेल. ती बसली. आत्याला बसतं केलं, तिच्या मांडीवर उशी ठेवली, उशीवर तो हात ठेवला आणि खांद्याच्या टोकाखाली एक बोट घालून खळगा चाचपला. मग म्हणाली, "काकू, डावा हात द्या बघू." आत्याने अगदी सहज उजवा पुढे केला. "हा नव्हे, तो." आत्या खाली बघून म्हणाली, "अगंबाई, ही बया आहे का अजून?" मुलगी हसली नाही. तिने आत्याचा उजवा पंजा उचलून डाव्यावर ठेवला आणि म्हणाली, "रोज चार-पाच वेळा हिची चौकशी करायची."

त्यानंतर तिने आत्याला उजव्या कुशीवर निजवलं आणि काम सुरू केलं पाठीपासून. एक तळवा फऱ्याच्या हाडावर पसरलेला, दुसऱ्या हाताने कोपर आणि दंड खालून असा पेललेला की हाताचं सगळं वजन तिच्याकडे आलं. मग फऱ्याचं हाड पुढे, मागे, वर, खाली. इतकं सावकाश, की दारात उभं राहून बघणाऱ्याला काही चाललंय असं वाटू नये. वहिनीला खरंच तसं वाटलं. स्वयंपाकघरात येऊन ती हळूच म्हणाली, "नुसता हातच फिरवतात हो. मशीन नाही का आणत?" आपल्याकडे करंट दिला, मेणाचा शेक दिला, पडद्यावर आकडे दिसले, म्हणजे उपचार झाला. मशिनांनाही त्यांची जागा आहे. ढिल्या खांद्याच्या स्नायूंना विजेने उद्दीपन देतात आणि त्याने खळगा भरून यायला काहींना मदत होते. पण मशीन चेहरा वाचत नाही. ती मुलगी अख्खा वेळ हाताकडे बघतच नव्हती. तिची नजर आत्याच्या भुवयांवर होती. भुवई हलली की तिचा हात थांबायचा, किंचित मागे यायचा, वाट बघायचा आणि पुन्हा निघायचा.

सावकाशपणाचं कारण तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. अशा कडक झालेल्या स्नायूला वेगाची चीड असते. झटक्यात ताणलं की तो उलट तेवढ्याच जोराने आवळतो. हळू गेलं तर पुष्कळदा येऊ देतो. म्हणजे इथे जोर हा नुसता निरुपयोगी नाही, तो उलटा पडतो. हात किती वर न्यायचा, याचाही तिचा नियम होता: फऱ्याचं हाड सोबत येत नाही तोवर खांद्याच्या रेषेच्या वर नाही. आणि वर नेण्याआधी दंड बाहेर वळवून घ्यायचा. हे सगळं ऐकायला सोपं आहे. एकदा तिने माझ्या हातात आत्याचं कोपर दिलं. तीन किलो वजन उचलणं आणि तीन किलो वजन दुसऱ्याच्या अंगावरून काढून घेणं, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. उचलताना आपण पकडतो. पकडलं की आत्याचे स्नायू आवळायचे. काढून घेताना हात नुसता खाली असावा लागतो, बोटं मोकळी, आणि समोरच्या देहाची खात्री पटेपर्यंत थांबावं लागतं. ती खात्री पटली की हात जड होतो. खरंच जड होतो. मालकाने तो सोडून दिल्याचं कळतं.

आपल्या घरांतून वयस्क माणसाला कोण हात लावतं? सणासुदीला वाकून नमस्कार करतात, तो पायांना. रस्ता ओलांडताना कोणी कोपर धरतं. आतोबा गेल्यानंतरच्या एवढ्या वर्षांत आत्याच्या पाठीवर कोणी तळवा ठेवला असेल, असं मला वाटत नाही. तिला ते आवडलंही नसतं. पहिले काही दिवस ती त्या मुलीसमोर गाऊनची वरची गुंडी उघडायला तयार नव्हती. मग हळूहळू असं झालं की बाराला मॅडम यायच्या आणि साडेअकरापासून आत्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची. त्या अर्ध्या-पाऊण तासात ती कमी बोलायची, हे आमच्या घरात नोंद घेण्याजोगं. वेदना कमी होण्यात नुसत्या कोनांचा आणि शिरांचा वाटा किती आणि कोणीतरी घाई न करता आपलं ओझं धरलंय याचा किती, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही. मला ते वेगळं काढण्याची गरजही वाटत नाही.

स्पर्शाचं काम करणाऱ्यांना प्रतिष्ठा मिळणं मात्र सोपं गेलेलं नाही. लंडनमध्ये मसाजच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात अशी ओरड झाली, तेव्हा १८९४ साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मसाज करणाऱ्या बायकांची एक संस्था काढली. परीक्षा, नियम, शिस्त, सगळं त्यात होतं. तिथल्या फिजिओथेरपीच्या आजच्या मुख्य संस्थेचं मूळ ते. बर्लिनची व्यायामशिक्षिका बर्टा बोबाथ नाझींपासून निसटून लंडनला आली आणि १९४०च्या दशकात पक्षाघाताच्या रुग्णांचे अवयव हाताळताना तिच्या ध्यानात आलं की हा कडकपणा म्हणजे दगडावरची रेघ नाही. रुग्णाला कसं बसवतो, कुठे आधार देतो, कसं हलवतो, यावर तो कमीजास्त होतो. तिच्या पद्धतीचा पुढे जवळजवळ पंथ झाला. नंतरच्या चाचण्यांमध्ये ती इतर पद्धतींपेक्षा सरस ठरली नाही. पण रुग्णाला कसं हाताळायचं हाच उपचाराचा भाग आहे, ही तिची गोष्ट उरली, आणि ती पुरेशी मोठी आहे.

आपल्याकडे हे शास्त्र आलं ते पोलिओच्या वाटेने. मुंबईतल्या साथीनंतर १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. पुण्याला तर मोडलेल्या देहांची ओळख त्याआधीपासून होती, पण ती लष्कराच्या हद्दीत. जखमी सैनिकांसाठी १९१७ साली स्थापन झालेली आणि पुढे खडकीत रुजलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, वानवडीचं १९४४ सालचं कृत्रिम अवयव केंद्र, आणि नंतर त्यांत भर पडली ती खडकीतल्याच १९७४ सालच्या पॅराप्लेजिक केंद्राची. तुटलेल्या माणसाला पुन्हा उभं करण्याची एवढी विद्या या शहराच्या एका टोकाला असताना, पेठांमध्ये आम्ही पक्षाघाताच्या माणसाला कॉटवर ठेवून, कुशी बदलून, देवाचं नाव घ्यायला सांगत होतो. आता परिस्थिती पालटली आहे. संचेतीसारख्या संस्थांतून दरवर्षी मुलं-मुली ही पदवी घेऊन बाहेर पडतात, आणि २०२१च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला राष्ट्रीय चौकटही दिली. घरचे लोक अजूनही त्यांना 'व्यायामवाले' म्हणतात, ते चालायचंच.

पण मॅडम पाऊण तास येतात. उरलेले सव्वातेवीस तास खांदा रुग्णसेवा ब्युरोच्या मावशींच्या ताब्यात असतो. पुण्यात म्हाताऱ्या माणसांची अर्धी सेवा ब्युरो करतात, हे आपण उघडपणे म्हणत नाही इतकंच. आत्याच्या मावशी दांडेकर पुलाजवळ राहायच्या. दणकट, प्रेमळ, आणि उचलायची सवय झालेल्या. त्यांनी आत्याला ज्या पद्धतीने खुर्चीत आणलं, ती पाहून मॅडम म्हणाल्या, "मावशी, आता मला उचलून दाखवा." मावशींनी दाखवलं. मग मॅडमनी मावशींना खुर्चीत बसवलं, आपले हात त्यांच्या काखेत घालून वर ओढलं आणि विचारलं, "कुठे लागलं?" मावशींनी खांद्यावर हात ठेवला. "तुमचा तर चांगला आहे," मॅडम म्हणाल्या. त्याच दिवशी आत्याचं एक जुनं सुती नऊवारी फाडून कमरेचा पट्टा शिवला गेला. उठवायचं ते पट्ट्याला धरून, आपले गुडघे वाकवून, तिला पुढे झुकवून. हाताला हात लावायचा नाही. झोपताना दंडाखाली उशी, डाव्या कुशीवर झोपली तर खांदा किंचित पुढे काढलेला, खुर्चीत असताना हात मांडीवरच्या उशीवर किंवा टेबलावर. झोळी फक्त चालताना. दिवसभर घातली तर कोपर दुमडलेलंच राहतं. कपडा घालताना आधी डावा हात, काढताना शेवटी डावा. मावशी दोन दिवसांत तरबेज झाल्या आणि तिसऱ्या दिवसापासून दादावर खेकसायला लागल्या, "हात नका धरू हो आजींचा!"

घरच्यांना शिकवून फिजिओचं काम भागतं का, याचा मोठा प्रयोग आपल्याच देशात झाला आहे. भारतातली १४ रुग्णालयं, पक्षाघाताचे १,२५० रुग्ण; त्यांतल्या निम्म्यांच्या कुटुंबीयांना घरी व्यायाम आणि शुश्रूषा करण्याचं शिक्षण दिलं. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. सहा महिन्यांनंतर मृत्यू आणि परावलंबित्व यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. हे वाचून मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. स्वयंपाक, नोकरी, मुलांच्या परीक्षा सांभाळून सुनेने थेरपिस्टही व्हावं, ही अपेक्षाच अवाजवी आहे. मात्र त्या प्रयोगाने खांदा मोजला नव्हता. बरं करायला शिकवणं आणि इजा न करायला शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं दुपारभरात शिकवता येतं आणि नेमकं तेच आपण शिकवत नाही. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची वेळ असते, मीठ कमी खायची सूचना असते, पुढच्या भेटीची तारीख असते. माणूस उचलायचा कसा, ते नसतं. विम्याचं गणितही असंच. बहुतेक पॉलिसी घरी सोडल्यानंतरचा ६० किंवा ९० दिवसांचा खर्च धरतात. खांदा त्या सुमाराला नुकताच तोंड उघडत असतो.

व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांची शेवटची वर्षं पुण्यात गेली. २००३ साली त्यांच्या डाव्या अंगाला पक्षाघात झाला होता, आणि २६ जानेवारी २०१५ला दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात ते गेले. मधल्या काळाविषयी छापून आलेल्या मजकुरात त्यांचं वर्णन 'अंशतः सावरले' असं येतं. वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरून पुढच्या पुरस्कारावर जाते. आत्याच्या घरी ते 'अंशतः' मी जवळून पाहिलं. कोणीतरी रोज येऊन तीन किलो वजन पाऊण तास पेलतं, तेव्हा ते घडतं.

आत्याचा हात परत आला नाही. बोटं थोडी हलतात, पेटीचा भाता काही ओढता येत नाही. मंडळातली एक मुलगी शेजारी बसून भाता मारते आणि आत्या उजव्या हाताने वाजवते, वर तिच्या भात्याला नावंही ठेवते. खांदा मात्र रात्री झोपू देतो. खळगा बोटाचा होता, तो अर्ध्या बोटाचा झाला. सगळ्यांच्या बाबतीत नुसत्या हातांनी भागत नाही. काहींना सांध्यात इंजेक्शन लागतं, काहींना कडक स्नायू सैल करणारं बोट्युलिनम द्यावं लागतं, आणि खांद्याबरोबर पंजा सुजून लाल, गरम झाला तर ते वेगळंच दुखणं असतं, ते त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायला हवं. 'पक्षाघात म्हटल्यावर दुखणारच' हे वाक्य तेवढं कोणी ऐकून घेऊ नये. दुखायलाच हवं असा काही नियम नाही.

तुमच्या घरात असा रुग्ण असेल, तर रुग्णालयातून सोडण्याच्या दिवशी बिलाच्या रांगेत उभं राहण्याआधी एक करा. फिजिओथेरपिस्टना खाटेपाशी बोलवा आणि घरी ज्या मावशी किंवा मामा येणार आहेत, त्यांनाही त्याच वेळी हजर ठेवा. उठवणं, बसवणं, बाही चढवणं, या तीन गोष्टी त्यांच्याकडून तिथल्या तिथे करून घ्या. तुम्हीही करून दाखवा. कंटाळा करू नका, लाजू नका. आणि 'हात धरून ओढू नये' एवढं ठळक अक्षरात लिहून कॉटच्या डोक्याशी चिकटवा, भेटायला येणाऱ्यांनाही दिसेल असं.